चऱ्होलीत प्लॉट घेताय? 'लाईट-पाणी आहे' म्हणजे नक्की काय, आणि त्याचा खर्च कोणाचा?

"लाईट, पाणी, रस्ता सगळं आहे, तुम्ही फक्त घर बांधायचं." चऱ्होलीत प्लॉट बघायला गेलात, तर हे वाक्य कानावर पडणारच.

मग गुंठ्याचा भाव ठरतो, विसार दिला जातो. आणि घर बांधायला काढल्यावर कळतं की विजेचा शेवटचा खांब बराच लांब आहे आणि पाण्याची लाईन मागच्या गल्लीतच संपली आहे. आता मधल्या अंतराचे पैसे कोणी द्यायचे?

बहुतेक जण 'कनेक्शनची फी किती?' असं विचारतात. खरं तर विचारायला हवं, 'मुख्य लाईन माझ्या प्लॉटपासून किती लांब आहे?' कारण खर्च फुगतो तो या अंतरामुळे. आणि यातला सगळाच खर्च तुमचा नसतो.

वीज: कुठला खर्च तुमचा?

वीज कायदा 2003 च्या कलम 43 नुसार, मागणी करणाऱ्याला वीज देणं ही वितरण कंपनीची जबाबदारी आहे. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी 2024 मध्ये बदल झाला. त्यानुसार नवीन जोडणी महानगरांत 3 दिवसांत आणि इतर नगरपालिका क्षेत्रांत 7 दिवसांत द्यायची आहे. नवी लाईन टाकावी लागणार असेल, तर वेळ वाढतो.

तुम्ही काय भरायचं? जवळच्या खांबापासून घरापर्यंतच्या सर्व्हिस वायरचं ठरलेलं शुल्क आणि सुरक्षा ठेव. हे दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. सर्व्हिस कनेक्शनचं काम तुम्ही परवानाधारक ठेकेदाराकडून करून घेतलं, तर महावितरणला ठरलेल्या शुल्काच्या फक्त 1.3 टक्के देखरेख शुल्क द्यावं लागतं.

मग नवे खांब, ट्रान्सफॉर्मर? इथेच गोंधळ होतो. आयोगाने 8 सप्टेंबर 2006 च्या आदेशात नव्या ग्राहकांकडून 'सर्व्हिस लाईन चार्जेस' घ्यायला नकार दिला होता. तर्क असा, की सगळ्यांसाठीच्या यंत्रणेचा खर्च वीजदरातून सगळेच भरतात. मग तो एकट्या नव्या ग्राहकावर पुन्हा का टाकायचा? महावितरण सर्वोच्च न्यायालयात गेली. 10 नोव्हेंबर 2016 रोजी तिथेही तिचं अपील फेटाळलं गेलं.

याला अपवाद आहे 'डीडीएफ', म्हणजे एका ग्राहकासाठी किंवा लगतच्या ग्राहकांच्या गटासाठीच उभारलेली स्वतंत्र यंत्रणा. तिचा खर्च ग्राहकाचा. म्हणून एजंट किंवा ठेकेदार अर्ज पुढे करेल, तेव्हा त्यावर 'डीडीएफ' लिहिलंय का, हे सही करण्याआधी बघा. त्या तीन अक्षरांवर मोठा खर्च ठरू शकतो.

पाणी: नळ आला, पुढे काय?

चऱ्होली बुद्रुक 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. नदीपलीकडचं चऱ्होली खुर्द मात्र खेड तालुक्यात आहे. त्यामुळे प्लॉट नक्की कोणत्या चऱ्होलीत आहे, हे आधी बघा. नळासाठी अर्ज कुठे करायचा, ते त्यावर ठरतं.

महापालिका हद्दीत नळजोडणीचं शुल्क, रस्ता खोदाईचे पैसे आणि प्लंबरची मजुरी असा खर्च येतो. पण शहरात 25 नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी येतं. म्हणजे जमिनीखालची टाकी, मोटर आणि गच्चीवरची टाकी हा खर्चही धरावाच लागतो. ड्रेनेज लाईन नसेल तर सेप्टिक टँक आला, आणि तो वेळोवेळी उपसायचा खर्चही.

प्लॉट विकणाऱ्याची जबाबदारी काय?

500 चौरस मीटरपेक्षा, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे असतील, तर महारेराची नोंदणी लागते. रेरा कायद्याच्या व्याख्येत रस्ते, पाणीपुरवठा, गटारं, पथदिवे ही 'अंतर्गत विकासकामं' आहेत. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले असतील, तर कलम 12 नुसार भरपाई किंवा पैसे परत मागता येतात. नोंदणीच नसेल, तर हे भांडण बरंच अवघड होतं.

मीटर बसला म्हणजे घर अधिकृत झालं?

नाही. मे 2025 मध्ये शेजारच्या चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले 36 बंगले महापालिकेने पाडले. आदेश राष्ट्रीय हरित लवादाचा होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला होता. वीजबिल किंवा मालमत्ता कराची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. चऱ्होलीही इंद्रायणीकाठीच आहे, हे विसरू नका.

जुलै 2025 मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी एक गुंठ्यापर्यंतच्या तुकड्यांचे जुने व्यवहार नियमित करण्याची घोषणा विधानसभेत केली. पण ती जमिनीच्या व्यवहाराबद्दल आहे. त्यामुळे कोणाच्या दारात पाईप किंवा खांब येत नाही.

विसार देण्याआधी एवढं करा

- प्लॉटपासून विजेचा खांब, पाण्याची लाईन आणि ड्रेनेज किती लांब आहे, ते स्वतः मोजा.
- शेजारी राहायला आलेल्यांना विचारा: मीटरला किती दिवस लागले, एकूण किती गेले?
- महावितरण आणि महापालिकेच्या कार्यालयातून खर्चाचा लेखी अंदाज घ्या.
- महारेरा क्रमांक, मंजूर लेआउट आणि पूररेषेचा नकाशा बघा.
- 'लाईट-पाणी आम्ही देऊ' हे करारात लिहून घ्या, मुदतीसकट.

विजेसाठी जास्तीचे पैसे मागितले, तर लेखी डिमांड नोट मागा. ती नियमात बसत नाही असं वाटलं, तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि पुढे विद्युत लोकपालांकडे दाद मागता येते. पण हातात कागद नसेल, तर तिथेही फार काही सिद्ध करता येत नाही. म्हणून कितीही घाई असली, तरी पावतीशिवाय पैसे देऊ नका.