बाराटांगची सहल आणि जारवांचा रस्ता

अंदमानच्या सहलीचे कुठलेही माहितीपत्रक उघडा. सेल्युलर जेल आणि हॅवलॉकचा किनारा (आता स्वराजद्वीप) यांच्या जोडीला एक दिवस हमखास बाराटांगचा असतो. चुनखडीच्या गुहा, खारफुटीतून स्पीडबोट, चिखलाचा ज्वालामुखी. पहाटे तीन-साडेतीनला निघायचे आणि संध्याकाळी परत. ‘जारवा’ हा शब्द पत्रकात छापलेला असेलच असे नाही. सहप्रवाशांच्या तोंडी मात्र तो असतोच. मी हा प्रवास केला आहे. जिरकाटांगच्या नाक्यावर उजाडण्याआधीच गाड्यांची रांग लागते, आणि तिथल्या चहाबरोबर एकच प्रश्न फिरत असतो, “आज दिसतील का हो?” गुहांविषयी असे कोणी विचारत नाही. गुहा कुठे जाणार आहेत!

नाक्यापासून मिडल स्ट्रेटच्या धक्क्यापर्यंत सुमारे पन्नास किलोमीटर रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या पोलिसांच्या बंदोबस्तात, ताफ्याने सोडतात. थांबू नका, फोटो काढू नका, खायला देऊ नका, अशी तंबी मिळते. आमच्या बसमध्ये ती सर्वांनी पाळली. तरीही एका वळणावर एक बाई आणि दोन मुलगे दिसले, तेव्हा सगळी बस एका बाजूच्या खिडक्यांना लोटली. “अगं बाई, लेकरू केवढंसं आहे!” असे कोणी आजी कळवळून म्हणाल्या. दहा-पंधरा सेकंदांत सगळे संपले आणि पुढचा अर्धा तास त्यांच्या अंगावर काय होते याची चर्चा झाली. ही माणसे वाईट नव्हती. वाईट आहे ती मांडणी. काचेच्या अलीकडे आपण, पलीकडे ते, आणि तिकीट आपल्या खिशात.

हा अंदमान ट्रंक रोड १९८९ मध्ये पूर्ण झाला. बांधकाम चालू असताना जारवांनी मजुरांवर बाण सोडले होते. त्यांचे मत तेव्हाच नोंदले गेले म्हणायचे. १९९७ च्या सुमारास ते स्वतःहून वस्त्यांकडे येऊ लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. आज त्यांची संख्या काही शेकड्यांत आहे. आपल्याकडच्या एखाद्या गृहसंकुलात याहून जास्त माणसे राहतात. शेजारच्या ग्रेट अंदमानींचे काय झाले हे पाहिले की गोवर या शब्दाचा अर्थ कळतो. १८५८ मध्ये इंग्रजांनी बंदिवसाहत वसवली तेव्हा ते काही हजार होते. १८७७ च्या गोवराने आणि इतर रोगांनी ते मूठभर उरले. त्यांची ‘बो’ ही बोली बोलणाऱ्या शेवटच्या बाई, बोआ सीनियर, २०१० मध्ये वारल्या.

सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच राखीव जंगलातील हा रस्ता बंद करण्याचा आदेश दिला होता. रस्ता चालूच राहिला. २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना पर्यटकांपुढे नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गाजली, त्याच वर्षी कायदा कडक झाला. जानेवारी २०१३ मध्ये न्यायालयाने पर्यटकांना रस्ता बंद केला, मार्चमध्ये तो पुन्हा खुला झाला.

रस्ता सरसकट बंद करा, असे मी म्हणणार नाही. रंगत, मायाबंदर, दिगलीपूर इथे फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची कुटुंबे वसली आहेत. त्यांच्या आजाऱ्याला मोठ्या इस्पितळात न्यायचे तर बोटीच्या वेळापत्रकावर कसे विसंबायचे? पण आजाऱ्याची गाडी आणि आपली सहलीची बस एकाच ताफ्यात चालतात, आणि प्रत्येक वादात आजाऱ्याला पुढे करून बस मागून निघून जाते. बँकेत कर्जप्रकरण पाहताना आम्ही आधी विचारत असू : नफा कोणाचा, जोखीम कोणाची? इथे नफा सहलवाल्याचा, हॉटेलवाल्याचा, बोटवाल्याचा. जोखीम सगळी अशा माणसांची, ज्यांची कशावरही सही नाही.

“त्यांनाही सुधारू द्या ना,” असे पुष्कळजण म्हणतात. जारवांनी आपल्यात यावे की नाही, किती यावे, हे त्यांनी ठरवायचे आहे. २००४ चे सरकारी धोरणही ढवळाढवळ कमीत कमी असावी असेच सांगते. रोज खिडक्यांतून शेकडो डोळे रोखून धरल्याने कोणाची सुधारणा होते, हे मला अजून कोणी समजावून दिलेले नाही.

बाराटांगला समुद्रमार्गे जाण्याची सोय २०१७ मध्ये सुरू करण्यात आली, पण ओघ रस्त्यावरच राहिला, कारण सहलवाल्याला कोणी विचारतच नाही. अंदमानला मराठी माणूस सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडायला मोठ्या संख्येने जातो. म्हणजे आपण या धंद्यातले मोठे गिऱ्हाईक आहोत. सुट्टीची नोंदणी करताना एवढे विचारावे : बाराटांगला बोटीने नेणार का? नसाल नेणार, तर तो दिवस वगळून पैसे कमी करणार का? चार कुटुंबांनी विचारले तर उत्तर टोलवता येते, चाळिसांनी विचारले तर येत नाही. आणि मोकळा झालेला दिवस वाया जात नाही. पोर्ट ब्लेअरमध्ये, म्हणजे २०२४ पासूनच्या श्रीविजयपुरममध्ये, मानवशास्त्र सर्वेक्षण विभागाचे संग्रहालय आहे. तिथे मुलांना दोन तास न्यावे. जारवा, ओंगी, सेंटिनेली आणि ग्रेट अंदमानी हे वेगवेगळे लोक आहेत, हे बसच्या खिडकीतून कळत नाही, तिथे कळते.