सकाळी चाला म्हणे!

मध्यंतरी आमच्या युनिटमधल्या बायकांसाठी आरोग्यावर व्याख्यान झालं. रोज चाला, सॅलड खा, आठ तास झोपा, झोपताना मोबाईल लांब ठेवा. आम्ही टाळ्या वाजवल्या, समोसा खाल्ला आणि क्वार्टरवर आलो.

मोबाईल लांब कसा ठेवू? नवरा हवालदार, सध्या सीमेवर. चौकीवर रेंज आलीच तर रात्री साडेअकराला येते. त्या दोन मिनिटांसाठी फोन उशाखालीच असतो. आणि सकाळी चालायला जायचं, तर झोपलेली दोन पोरं कुणाच्या भरवशावर टाकू?

आळशी बाईची सबब वाटतेय? मग जवानाकडे बघा. तो फिट राहतो ते काही एकट्याच्या निग्रहावर नाही. सकाळची पीटी त्याच्या ड्युटीतच धरलेली असते. सोबत सगळे पळत असतात. धावण्याची परीक्षा असते. 'शेप'ची मेडिकल कॅटेगरी असते, ती घसरली तर बढती अडू शकते. म्हणजे लष्कराला पक्कं ठाऊक आहे: सवय उपदेशाने लागत नाही. वेळ, सोबत आणि तपासणी असेल तर लागते. मग आमच्या वाट्याला नुसता उपदेशच का?

लष्करी दवाखान्यात आम्हाला उपचार मोफत मिळतात, मान्य. पण तिथे माणूस आजारी पडल्यावर जातो. मी तर लेकीचा ताप दाखवायला गेले होते. डॉक्टरांनी माझी पापणी ओढून पाहिली आणि रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन ८.४. हवं किमान १२. वर्षभर जिना चढताना धाप लागायची, मी म्हणायचे, दगदग आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. त्या सगळ्या सॅलड खायला विसरल्या होत्या का?

आता आम्ही तिघी शेजारणींनी वाटून घेतलंय. एकीने पोरं सांभाळायची, दोघींनी चालायचं. बदली आली की हेही मोडेल. म्हणून मागणं साधं आहे: सकाळी तासभर मुलं सांभाळायची सोय आणि वर्षातून एकदा आमचीही रक्ततपासणी. व्याख्यान त्यानंतर द्या, मन लावून ऐकू.

आणि तुम्हीही आईला, वहिनीला 'स्वतःकडे लक्ष दे गं' म्हणत असालच. म्हणण्याआधी उद्याचे डबे तुम्ही भरा.