उधारीची वही आणि कंपन्यांची सूट

बऱ्हाणपूरच्या मराठी बंधू-भगिनींनो,

सणाची खरेदी कुठे करायची हा प्रश्न घरगुती दिसतो, पण तो राजकीयही आहे.

आपले शहर पॉवरलूमवर चालते. लूम थांबले की कामगाराच्या घरचा पैसा थांबतो, आणि पहिला भार पडतो तो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीवर. मार्च 2020 च्या टाळेबंदीत मजुरी बुडाली तेव्हा पीठ-मीठ या वहीवरच मिळाले; फोनवर नव्हे. ऑनलाइन माल स्वस्त पडतो, हे खरे. दोन पैसे वाचवणाऱ्याला दोष कशाला द्यायचा? पण ही सूट येते कुठून, हे तरी विचारू या.

परदेशी भांडवलाच्या कंपन्यांनी फक्त बाजार मांडावा, स्वतःचा माल विकू नये, असा केंद्राचा नियम 2016 पासून आहे. डिसेंबर 2018 मध्ये तो आणखी कडक झाला. तरीही ठरावीक विक्रेत्यांना झुकते माप आणि भरमसाट सवलती दिल्याच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाला जानेवारी 2020 मध्ये अ‍ॅमेझॉन व फ्लिपकार्ट यांची चौकशी लावावी लागली. कंपन्या कोर्टात गेल्या. ऑगस्ट 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौकशी थांबवण्यास नकार दिला, तोवर दीड वर्ष गेले होते! तेवढ्या काळात छोट्या दुकानाला टाळे लागते.

तेव्हा खंडवा मतदारसंघात मते मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाला विचारा, या नियमाच्या अंमलबजावणीसाठी संसदेत तुम्ही काय करणार?

दुकानदार बंधूंनाही एक सांगणे आहे. पक्की पावती द्या, खराब निघालेला माल कुरकुर न करता बदलून द्या. गिऱ्हाईक तिकडे वळते त्याला हेही एक कारण आहे.