तबकडीचा नाद

पहाडगंजातील नूतन मराठी विद्यालय आणि बृहन्महाराष्ट्र भवन या वास्तूंभोवती दिल्लीतील मराठी समाजाच्या कित्येक पिढ्यांचे सांस्कृतिक जीवन फुलले. नोकरीनिमित्त उत्तरेत स्थिरावलेल्या अशा घरांत नाट्यपदांच्या व ख्यालाच्या तबकड्या जिवापाड जपल्या जात. आज तबकड्यांना पुन्हा मागणी आली आहे. जुन्या दिल्लीतील दुकानांत त्या धुंडाळणाऱ्यांत तरुणही दिसतात. तबकडीचा आवाज सीडी वा मोबाइलपेक्षा अधिक ‘खरा’ असतो, हे जाणकारांचे मत प्रमाण मानून यंत्रासाठी हजारो रुपये मोजले जातात. हे मत मात्र तपासून घेण्याजोगे आहे.

२०२२ साली त्याची अनायासे परीक्षा झाली. अमेरिकेतील मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या महागड्या तबकड्या जाणकारांत सर्वोत्कृष्ट गणल्या जात. मूळ फितीवरून, मध्ये कोणताही डिजिटल टप्पा न येता त्या घडतात, अशी खरेदीदारांची समजूत होती. प्रत्यक्षात २०११ पासून त्यांतील बऱ्याच तबकड्यांसाठी मूळ फितीची आधी डिजिटल प्रत केली जात होती. प्रकरण न्यायालयात गेले आणि अडीच कोटी डॉलरची तडजोड झाली. डिजिटल ध्वनी ‘कोरडा’ म्हणून नाकारणाऱ्या कानांना एवढी वर्षे हा भेद उमगला नव्हता!

आपल्या संगीताच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. एलपी एकाच गतीने फिरते. त्यामुळे सुई मध्याकडे सरकते तसतसा प्रत्येक फेऱ्यात तिच्याखालून जाणारा चर आखूड होत जातो. कडेच्या मानाने सुमारे निम्म्या लांबीत तेवढाच ध्वनी मावावा लागतो आणि वरचे स्वर फाटू लागतात. ख्यालात विलंबित आधी, द्रुत शेवटी. म्हणजे तानांचा वर्षाव नेमका तबकडीच्या दुबळ्या भागात होतो. अब्दुल करीम खाँसाहेब तर १९३७ मध्ये निवर्तले आणि एलपी बाजारात आली १९४८ मध्ये. त्यांची कोणतीही एलपी ही ७८ फेऱ्यांच्या, तीन-साडेतीन मिनिटांच्या जुन्या तबकड्यांची नक्कल होय. तेथील खरखरीत जे हरवले, ते नव्या तबकडीवर प्रकटणार कोठून?

म्हणून तबकडी त्याज्य ठरत नाही. काही गायने अन्य माध्यमात आलीच नाहीत. वेष्टनावर राग, ताल, साथीदार यांची नोंद मिळते, जी मोबाइलवर बहुधा गहाळ असते. शिवाय वीस-बावीस मिनिटांनी उठून बाजू पालटावी लागत असल्याने श्रोता जागा राहतो, हाही लाभच! पण हे गुण आवाजाचे नव्हेत, आणि त्यांपायी महागडे यंत्र घेण्याचे कारण नाही. वडिलांनी मागे ठेवलेल्या तबकड्या ऐकायच्या तर साधे, नीट जुळवलेले यंत्र, नवी सुई आणि तबकड्या स्वच्छ करण्याची तसदी एवढे पुरते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला सुई वेगळी लागते. झिजलेल्या सुईने चर कायमचा बिघडतो. याकडे लाखाच्या यंत्राचे मनसुबे रचणाऱ्यांचेही दुर्लक्ष होते. आणि संग्रहातील एखादी मैफल अन्यत्र कोठेच मिळत नसेल, तर सर्वांआधी तिची डिजिटल प्रत करून घ्यावी.