येमेन : भाऊबंदकीची किंमत

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये त्याचा पुत्र आझमशहा याने शाहू महाराजांना कैदेतून मुक्त केले. त्यामागे औदार्य नव्हते. मराठ्यांच्या गादीचे दोन दावेदार परस्परांशी झुंजत राहावेत, हा हिशेब होता. तो बऱ्याच अंशी खरा ठरला. महाराणी ताराबाई आणि शाहू महाराज यांच्या संघर्षातून कोल्हापूर व सातारा अशा दोन गाद्या झाल्या. १७३१ मध्ये वारणेचा तह झाला, तेव्हा कुठे सीमा ठरल्या. घर फुटले की बाहेरच्याचे फावते, हे कोल्हापूरला कोणी शिकवण्याची गरज नाही. अरबस्तानाच्या दक्षिण टोकावरील येमेनची शोकांतिका याच अनुभवाच्या प्रकाशात पाहिली पाहिजे.

हा प्रदेश महाराष्ट्राला परका नाही. १८३९ मध्ये इंग्रजांनी एडन घेतले आणि त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालवला. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांनी १८८३ मध्ये एडनच्याच तुरुंगात देह ठेवला. १९६७ मध्ये इंग्रज गेले आणि दक्षिणेत साम्यवादी राजवट आली. उत्तरेत १९६२ पर्यंत झैदी इमामांची सत्ता होती. ती उलथताच जे यादवी युद्ध पेटले, त्यात इजिप्तने प्रजासत्ताकाची, तर सौदी अरेबियाने इमामाची बाजू घेतली. १९९० मध्ये दोन्ही येमेन एक झाले खरे. पण अवघ्या चार वर्षांत पुन्हा रणकंदन झाले. कागदावर जोडलेले राष्ट्र मनाने जोडले गेलेच नाही.

या युद्धाला केवळ शिया-सुन्नी वैराचे नाव देणे सोपे, परंतु अपुरे आहे. दीर्घकाळ सत्ता भोगणारे अध्यक्ष अली अब्दुल्ला सालेह स्वतः झैदी होते. त्यांनी २००४ पासून झैदी हूथींविरुद्ध वारंवार युद्ध केले. जनक्षोभामुळे २०१२ मध्ये पद सोडावे लागताच त्याच हूथींशी त्यांनी हातमिळवणी केली आणि २०१७ मध्ये हूथींच्याच हातून ते मारले गेले. सत्तेसाठी शत्रू-मित्र बदलणाऱ्या नेतृत्वाचा शेवट याहून वेगळा काय होणार?

सप्टेंबर २०१४ मध्ये हूथींनी राजधानी साना जिंकली. मार्च २०१५ मध्ये सौदी आघाडीने हवाई हल्ले सुरू केले. हूथींना इराणचे पाठबळ मिळाले. त्या धुमश्चक्रीतून भारताने ‘ऑपरेशन राहत’द्वारे साडेचार हजारांहून अधिक भारतीयांना आणि अनेक देशांच्या शेकडो नागरिकांना सुखरूप बाहेर काढले. येमेनी माणसाला मात्र जाण्यास जागा नव्हती. गव्हासाठी जवळजवळ सर्वस्वी आयातीवर अवलंबून असलेल्या देशाची बंदरे आणि वाटा युद्धात सापडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२१ अखेरपर्यंत सुमारे ३ लाख ७७ हजार बळी गेले. त्यांतील सुमारे साठ टक्के शस्त्राने नव्हे, तर भूक, रोगराई आणि उपचारांचा अभाव यांमुळे.

एप्रिल २०२२ च्या युद्धबंदीने तोफांचा जोर ओसरला, तोडगा मात्र निघाला नाही. वारणेचा तह दोन भावांनी आपसातच केला. दिल्लीच्या मध्यस्थीची वाट पाहिली नाही. येमेनच्या भावांना ते जमेपर्यंत रियाध आणि तेहरानचे डाव सुरूच राहतील, आणि त्यांची किंमत मोजतील ती सानाची, होदेदाची उपाशी लेकरे. राष्ट्र बाहेरच्या घावाने मोडते ते नंतर. आधी ते आतून दुभंगलेले असते.