विश्लेषण : हाताने शिवलेला महागडा शर्ट खरेच त्या किमतीचा असतो का?

साधा पांढरा फॉर्मल शर्ट. मॉलमध्ये तो दोन-अडीच हजारांना मिळतो. चांगले कापड घेऊन ओळखीच्या टेलरकडे शिवला तर थोडा इकडेतिकडे खर्च येतो. तोच शर्ट इटलीतील नेपल्स शहरातल्या एखाद्या नामांकित शर्टवाल्याकडून घ्यायचा तर काहीशे युरो, म्हणजे रुपयांत सहज पाच आकडी रक्कम. कॉलर एकच, बाह्या दोनच. मग एवढा फरक कशाचा आणि तो मोजावा का?

‘हाताने शिवलेला’ म्हणजे नेमके काय?

इथेच पहिला गोंधळ होतो. ‘मापाचा’ शर्ट आणि ‘हाताने शिवलेला’ शर्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लंडनच्या जर्मिन स्ट्रीटवरील टर्नबुल अँड ॲसर हे १८८५ पासूनचे नाव. ‘डॉ. नो’ (१९६२) या पहिल्या बाँडपटात शॉन कॉनरीने घातलेले शर्ट तिथलेच. ही परंपरा मापाची, नेमक्या कटिंगची आणि बारीक मशीन-शिवणीची आहे.

नेपल्सची परंपरा निराळी. तिथे बाही खांद्याला जोडणे, काज करणे, बटण लावणे अशी ठरावीक कामे सुई-दोऱ्याने होतात. मात्र अनेक शर्टवाले लांब, सरळ शिवणी तिथेही मशीनवरच मारतात. त्यामुळे ‘हँडमेड’ हे लेबल पाहिले की पहिला प्रश्न विचारावा : नेमके काय काय हाताने केले आहे? दुकानदाराला सांगता आले नाही, तर तुम्ही त्या शब्दाचेच पैसे देत आहात.

हातशिलाईचा फायदा कुठे होतो?

खरा फायदा बाहीत जाणवतो. बाहीचा वरचा घेर मुंड्याच्या घेरापेक्षा थोडा मोठा ठेवून तो हाताने दाबत, वाटून घेत बसवतात. खांद्यावर बारीक चुण्या दिसतात त्या यामुळेच. हाताचा टाका मशीनच्या टाक्याइतका ताठ नसतो, त्यामुळे हात वर केला तरी शर्ट पँटमधून फारसा बाहेर ओढला जात नाही.

काज-बटणाचे तसे नाही. मशीनवर काज काही सेकंदांत होते, हाताने एकेका काजाला कित्येक मिनिटे जातात आणि एका शर्टाला डझनभर काजे लागतात. काम देखणे दिसते, पण चांगले मशीनचे काजही तितकेच निभावते. इथे आपण कारागिराचा वेळ विकत घेतो, टिकाऊपणा नव्हे.

कापडात किती पैसे असतात?

अंगाला रोज जाणवते ते कापड. त्याचा दर्जा मुख्यतः कापसाच्या तंतूच्या लांबीवर ठरतो. इजिप्तचा गिझा किंवा तमिळनाडूतला सुविन हे अतिरिक्त लांब धाग्याचे कापूस. त्यांचे सूत बारीक निघते आणि तरीही मजबूत राहते.

लेबलवरचा ‘१००’ किंवा ‘१२०’ हा आकडा सुताचा बारीकपणा सांगतो. एक पौंड कापसातून ८४० यार्डांच्या किती लडी निघाल्या, तो हा काउंट. म्हणजे १०० काउंटच्या ४५४ ग्रॅम सुताची लांबी जवळपास ७७ किलोमीटर भरते! दोन सुते पिळून एक केलेले ‘टू-प्लाय’ कापड अधिक टिकते. पण आकडा जेवढा मोठा तेवढा शर्ट चांगला, हा गैरसमज आहे. फार बारीक सुताचे कापड लवकर चुरगळते आणि नाजूकही असते. लोकलच्या गर्दीतून ऑफिस गाठणाऱ्यासाठी ८० ते १०० काउंटचे टू-प्लाय कापड अधिक व्यवहारी.

असे कापड आणायला इटलीला जायची गरज नाही. उंची शर्टिंग आपल्याकडे कोल्हापूरजवळ कागल परिसरात विणले जाते. रेमंडचा लक्झरी कॉटनचा कारखाना तिथे आहे. तुर्कस्तानच्या सोक्तास कंपनीनेही तिथेच कारखाना उभारला होता, तो २०१९ मध्ये ग्रासिमने विकत घेतला.

हिशेब काय सांगतो?

समजा, हाताने शिवलेला शर्ट ३० हजारांचा आहे आणि त्याच दर्जाच्या कापडाचा, टेलरने मशीनवर शिवलेला शर्ट तीन हजारांचा. दोन्ही आठवड्यातून एकदा, म्हणजे वर्षाला ५० वेळा घातले. तीन वर्षांत पहिला दर वेळी २०० रुपयांना पडला, दुसरा २० रुपयांना. पहिल्याला तेवढेच स्वस्त पडायचे तर तो ३० वर्षे टिकायला हवा.

तो टिकणार नाही. कारण शर्ट शिवणीत फाटत नाही, कॉलरच्या घडीवर आणि कफच्या कडेला विरतो. मान आणि मनगटाचे घर्षण, घाम आणि धुलाई यांपुढे हातशिलाईचा उपयोग नसतो. आपल्या घरांत पूर्वी विरलेली कॉलर उसवून, उलटवून पुन्हा लावायची पद्धत होती. शर्टाचे आयुष्य वाढवणारी खरी युक्ती तीच.

त्यात कर आहेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर १८ टक्के. १० हजारांच्या शर्टावर १८०० रुपये नुसता कर. सुती कापड घेतले तर ५ टक्केच.

खरेदी करताना काय तपासाल?

• टाके : एका इंचात १८-२० बारीक, सारखे टाके असतील तर शिलाई उत्तम.
• जुळणी : खिसा, खांदा आणि पुढची पट्टी इथे चेक्स किंवा रेघा जुळतात का?
• कॉलर : चिमटीत धरून चोळा. थर वेगळे सरकले तर आतले अस्तर शिवलेले आहे, एकजीव वाटले तर गोंदाने चिकटवलेले. निकृष्ट चिकटवणी काही धुण्यांत फुगते.
• बटण : शिंपल्याचे बटण गालाला लावले की गार लागते, प्लास्टिकचे लागत नाही.

मग घ्यावा की नाही?

तयार शर्ट गळ्याच्या मापावर विकला जातो, बाकीचे शरीर सरासरी धरलेले असते. म्हणून गळ्याला बसला की पोटाला सैल आणि बाह्या लांब. कॅम्पस प्लेसमेंटच्या दिवशी आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे कफ अंगठ्यापर्यंत आले होते. ही अडचण माप घेतल्याने सुटते, हाताच्या टाक्याने नाही. शर्टासाठी जास्तीचे पैसे काढायचेच असतील तर ते आधी कापडावर, मग मापावर आणि उरले तर हातशिलाईवर खर्च करावेत. कुणाला ती कला आवडते म्हणून पाच आकडी शर्ट घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा. फक्त तो जास्त टिकेल, या समजुतीने घेऊ नये.

आणखी एक गोष्ट. नेपल्सच्या कारागिराच्या तासांना किंमत आहे हे आपण कौतुकाने मान्य करतो. माप घेऊन, ट्रायल देऊन, दोनदा उसवून शर्ट बसवून देणाऱ्या आपल्या टेलरशी मात्र शिलाईच्या ५० रुपयांवरून घासाघीस करतो. त्याला दोनशे रुपये आणि चार दिवस जास्त द्या, बारीक टाके आणि रेघांची जुळणी मागून घ्या. बहुतेकांना हवा असलेला ‘लक्झरी’ शर्ट तिथेच मिळेल.