मित्र पलीकडच्या कोपऱ्यात

विरोधी पक्षाच्या माणसाशी भांडणे सोपे असते. आपल्याच पक्षातल्या मित्राने दुसरा उमेदवार धरला, की खरी पंचाईत. अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार पक्षाचे मतदार निवडतात, त्यामुळे ही पंचाईत तिथे घरोघरी होते.

आयोवा राज्यातले डेमोक्रॅट २०२० पर्यंत ती उघड्यावर सोडवीत. ऐन थंडीत संध्याकाळी शाळेच्या सभागृहात जमायचे आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभे राहायचे. शेजारी हिलरी क्लिंटन यांच्याकडे, आपण बर्नी सँडर्स यांच्याकडे; सगळ्यांच्या देखत! २०१६ मध्ये या दोघांत अर्ध्या टक्क्याचेही अंतर नव्हते. बहुतेक ठिकाणी ज्या गटाला १५ टक्के माणसे जमत नसत, तो बाद. मग मघाशी ज्याची टिंगल केली, त्यालाच 'आमच्याकडे ये' म्हणून विनवायचे. जिभेला आपोआप लगाम बसे.

रात्रपाळीच्या कामगाराने, तान्ह्या मुलाच्या आईने तिथे यायचे कसे, ही तक्रार रास्तच होती. त्यात २०२० मध्ये निकालाचा घोळ झाला. २०२४ साली पसंतीपत्रिका टपालाने मागवल्या. गुप्त मतदान न्यायाचे, हे मान्य; साहेबाच्या देखत कोणत्या कोपऱ्यात उभे राहावे, हा पेच नोकरदारालाच ठाऊक. पण त्या वर्षी मित्राची मनधरणी करायला कोणाला सभागृह ओलांडावे लागले नाही, याची हळहळ वाटते.